यादीत नसलेलं घर

बरिंडा खाडी,
८ एप्रिल

लिनेट,

आधी ‘प्रिय’ लिहावं की नाही, यातच चहा गार झाला. तेव्हा नुसतं लिनेट.

काल मर्व्ह त्याची होडी बांधताना धक्क्यावर भेटला. तू खाडीतले कालवांचे पट्टे विकायला काढलेस, नदीवरच्या कंपनीशी बोलणी झाली आणि तीस जूनला सह्या आहेत, हे त्याच्याकडून कळलं. मला कळवलं नाहीस याची तक्रार नाही. कळवावं असं मी काही ठेवलेलं नाही. पण तुझ्या आजोबांनी खांब रोवले ते पट्टे, तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं त्यात कालवं वाढवली, आणि तू मात्र दोन हजार किलोमीटरवर दुसऱ्याच्या होडीत रोजाने ट्रे उचलतेस. हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

ऑगस्टमध्ये क्लेमला, तुझ्या बाबांना, पुरून दोन आठवडे झाले होते. तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, “घर तुझं राहू दे, नेरीडा. मला फक्त शेडचा प्लॉट विकत दे. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसेल, तर पट्टे म्हणजे नुसतं पाणी.”

मी म्हटलं, “माझ्याकडे एवढंच आहे गं.”

त्यावर तू कप धुऊन ठेवलास आणि गेलीस. तो कप फोडला असतास तर मला बरं वाटलं असतं.

तुला वाटत असेल की मी तुझ्या बाबांना गुंडाळून तो कागद करून घेतला. तसं नाही. करार करायचं त्याच्याच डोक्यात आलं. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, भांडण काहीच नव्हतं. ऑझी ब्रँटच्या अंत्यविधीहून आम्ही परत येत होतो. तिथे ऑझीची दुसरी बायको आणि पहिलीची मुलं सगळ्यांसमोर फ्रीजरवरून भांडली. क्लेम गाडी चालवता चालवता म्हणाला, “आपण आत्ताच कागद करून टाकू. कुणाचं काय ते लिहून ठेवलं, की माझ्यामागे तू आणि लिन एकमेकींच्या झिंज्या उपटणार नाही.”

“मी कशाला उपटू? तिचे केस आखूड आहेत,” मी म्हटलं. तो हसला.

अशा करारात नवऱ्याला एक वकील आणि बायकोला दुसरा लागतो, हे तुला माहीत आहे. दोघांना वेगवेगळं समजावून सांगितलं असं वकिलांनी लिहून दिल्याशिवाय तो कागद पक्का होत नाही. आपल्या गावात वकील एकच. म्हणून एकाच सकाळी तुझे बाबा उत्तरेला गेले आणि मी मर्व्हची गाडी मागून दक्षिणेला. निघताना मर्व्ह ओरडला, “घटस्फोट घ्यायचा तर एका गाडीतून जा की! पेट्रोल तरी वाचेल!” क्लेम खिडकीतून म्हणाला, “घटस्फोट परवडत नाही रे, म्हणून करार!”

करारात ठरलं ते असं: पट्टे, होडी, ट्रे यांच्यावर माझा कधीच हक्क नाही, ते तुझ्या बाबांचे आणि पुढे तुझे. घराचा आणि शेडचा असे दोन्ही प्लॉट माझ्या नावावर, कारण मी इथे दोन बॅगा आणि तीन खोकी पुस्तकं घेऊन आले होते. क्लेमचं म्हणणं एवढंच होतं की बाईच्या डोक्यावर छप्पर हवं, आणि शेड विकून म्हातारपणी खाता यावं. लिन शेड वापरेलच, त्यासाठी कागद कशाला, असंही तो म्हणाला होता. ते मात्र लिहिलं गेलं नाही.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. कायद्याचं मला जे कळतं ते वाचनालयाच्या गाडीतून आणलेल्या पुस्तकांतून. तो करार मी चारदा वाचलाय. त्यात चूक नाही. टास्मानियात माझ्या आईची कबर आहे, त्यापलीकडे या जगात माझं काही नाही. म्हणून मी नाही म्हटलं. कोर्टात जाऊ नकोस एवढंच सांगायला हे लिहिते आहे.

नेरीडा


२९ एप्रिल

लिनेट,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. त्यात बाबांच्या वकिलाच्या जुन्या पत्राची प्रत आणि तुझ्या चार ओळी होत्या. त्या ओळी मला आता पाठ आहेत. “बाबांची फाइल बघितली. त्यांनी समजून-उमजून दिलंय. तुझ्याकडे दुसरं काहीच नाही हे मी रागाच्या भरात विसरले. मी भांडणार नाही, पट्टे जातात तर जाऊ देत. सांभाळून राहा.”

तुझे आभार मानते.

इथे पाऊस फार झाला. खाडी गढूळ झाल्यामुळे कालवं काढायला बंदी आहे. मर्व्ह तुझ्या पट्ट्यांवर एक फेरी मारून आला, ट्रेचे दोन दोर सुटले होते ते बांधले. मला अजून दोघांचा स्वयंपाक करायची सवय आहे. बटाटे सोलून झाल्यावर लक्षात येतं. संध्याकाळी मी क्लेमला वाचून दाखवायची, तुला ठाऊक आहे. छापलेलं बघितलं की त्याचे डोळे चुरचुरायचे. आता मनातल्या मनात वाचते, तर पुस्तकं फार लवकर संपतात.

तू लिहिलंस ते फार मोठ्या मनाने लिहिलंस. मला आणखी काही सुचत नाही.

नेरीडा


६ मे

लिनेट,

मागच्या पत्रात मी तुझे आभार मानले. ते पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत वाटत होतं, कुणीतरी हाक मारून थांबवावं. एकदा डाकपेटीत पडलेलं परत काढता येत नाही. विचारून बघितलं. पोस्टातली मुलगी म्हणाली, “एवढं काय लिहिलंत?” मी म्हटलं, “धन्यवाद लिहिलंय.” ती माझ्याकडे बघतच राहिली.

तू पाठवलेली ती प्रत मी आधी नीट वाचलीच नव्हती. पहिल्याच ओळीला घडी घालून ठेवली होती. गुरुवारी ती टेबलावर सरळ करून ठेवली, वर चष्म्याचं घर ठेवलं आणि वाचली. वकील लिहितो: “आपल्या पत्नीच्या मालमत्तेच्या यादीत जवळजवळ काहीच नाही. हे तपासून घ्यावं असा माझा सल्ला आहे. तोवर शेडची जागा त्यांच्या नावे करू नये.” आणि त्याखाली तुझ्या बाबांचं ते मोठ्ठं, ट्रेवर खडूने लिहिल्यासारखं अक्षर. “तपासायची गरज नाही. तिने सांगितलंय.”

लिनेट, मी खोटं सांगितलं होतं.

टास्मानियात आईची कबर आहे, आणि कबरीपासून पाच मिनिटांवर आईचं घर आहे. ते माझ्या नावावर आहे. दोन खोल्या, मागे सफरचंदाची चार झाडं, पत्र्याचं छप्पर मी दोनदा बदललं. क्लेमशी लग्न व्हायच्या दोन वर्षं आधीपासून ते माझं आहे. भाडं माझ्या माहेरच्या नावाच्या खात्यात जातं. आजही जातं.

आता कारण सांगते, पण ते कारण म्हणून वाच, सबब म्हणून नको. माझा पहिला नवरा रॉस, त्याच्याबद्दल तुला थोडं माहीत आहे. एका दुपारी मी फळांच्या कारखान्यातून घरी आले तर घरात खुर्ची नव्हती. पलंग, कपाट, माझं शिवणयंत्र, सगळं विकून तो गेला होता. आई तेव्हा म्हणाली होती, “हे घर तुला देते, पण कुठल्या पुरुषाला सांगू नकोस. चांगला असला तरी नको. चांगला असला तर मुळीच नको, कारण मग तू देऊन टाकशील.”

क्लेमला सांगायचं मी पहिल्या वर्षी ठरवलं होतं. मग वाटलं, थोडं थांबू, माणूस कळू दे. तिसऱ्या वर्षापर्यंत माणूस कळला होता. तेव्हा सांगायचं म्हणजे तीन वर्षं लपवलं हेही सांगायचं. असं करत करत नऊ वर्षं झाली, आणि मग तो कागद आला.

त्याने त्याची यादी या टेबलावर बसून केली. अकरा पानं. पट्टे, होडी, इंजिन, बँक, हे तर होतंच. पण त्याने गळ आणि दोऱ्याही लिहिल्या. “एक बादली, बुडाला भोक.” मी म्हटलं, “अरे, वकील हसेल.” तो म्हणाला, “हसू दे. सगळं लिहायचं असं सांगितलंय ना? मग सगळं.” समोर मी माझी यादी लिहीत होते. शिवणयंत्र. पुस्तकं. बँकेतले थोडे, तेही या गावच्या खात्यातले. अर्ध्या पानात संपली. त्याने ती वाचली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर शेडचा प्लॉट त्याने स्वतःच्या हाताने माझ्या बाजूला लिहिला. मी बघत होते.

माझी वकील पेट्रा, तेव्हा नवीनच होती. तिने पेन खाली ठेवून विचारलं, “आणखी काही? दुसऱ्या राज्यात?”

“नाही.”

“वारसाने आलेलं? आईवडिलांचं?”

“नाही.”

“मिसेस पेनरोझ, एक वस्तू जरी लपवली, तरी उद्या हा सगळा करार कोर्ट रद्द करू शकतं. म्हणून परत विचारते.”

मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक माणूस गाडी धूत होता. मी म्हटलं, “माझ्याकडे असतं तर मी दुसरं लग्न केलं असतं का?” ती हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तुझ्या बाबांशी मी छपरासाठी लग्न केलं नव्हतं, आणि तिथे मी तसं म्हटलं.

परतताना ठरल्याप्रमाणे पेट्रोल पंपावर आम्ही भेटलो. तो माझ्यासाठी खिम्याचं गरम पॅटिस घेऊन थांबला होता. म्हणाला, “काय म्हणाली तुझी वकील? मी वाईट माणूस आहे का?” मी म्हटलं, “तू भोळा आहेस म्हणाली.” “मग फी वाया गेली,” तो म्हणाला. “ते तर मर्व्हही फुकट सांगतो.”

आणखी एक आहे. हे लिहायला सकाळपासून तीनदा उठले.

दरवर्षी मार्चमध्ये मी आईच्या कबरीला म्हणून जायची. तिकिटाचे पैसे तुझे बाबा द्यायचे. तिथे माझी मावसबहीण अल्मा असते, मी तिच्याकडे उतरते, असं मी सांगितलं होतं. अल्मा नाही. कधीच नव्हती. मी भाडेकरू बदलायच्या वेळी जायची, छप्पर बघायची, नळ बघायची आणि त्या रिकाम्या घरात जमिनीवर झोपायची. तुझे बाबा अल्मासाठी तीन डझन कालवं निवडायचे. हातात घेऊन, वजन बघून, एकेक. ओल्या गोणपाटात बांधून मला द्यायचे. “तिला सांग, चपटी बाजू वर ठेव, नाहीतर पाणी सांडतं.” मी मागच्या पायरीवर बसून ती एकटीच खायची. फेकायला धीर होत नव्हता. परत आले की तो विचारायचा, “आवडली का अल्माला?” मी म्हणायची, “फार.” करारानंतरही अकरा वर्षं मी हे केलं.

ऑगस्टमध्ये तू शेड मागितलीस तेव्हा मला ती द्यायची होती, हे खरं आहे. पण जिच्याकडे काहीच नाही असं कागदावर लिहिलंय, ती बाई शेड देऊन टाकेल कशी? लोक विचारतील, हिचं पुढे काय? आणि मग कुणीतरी शोधेल. यादीप्रमाणे वागत राहणं मला भाग होतं. मी तुझ्या पट्ट्यांपेक्षा माझं खोटं जपलं.

गेल्या महिन्यातल्या पत्रात, कबरीपलीकडे या जगात माझं काही नाही, असं मी परत लिहिलं. म्हणजे क्लेम गेल्यावरही सवय गेलेली नाही.

क्लेमला कळलं असेल, असा एखादा पुरावा मी घरभर शोधला. कपाटात, त्याच्या कोटाच्या खिशात, पाकिटांच्या मागे. त्याला कळलं असतं आणि तरी त्याने दिलं असतं, तर मी थोडी सुटले असते. काही सापडलं नाही. त्याला कळलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्याला माहीत होतं.

तू आत्ता कंपनीला काही लिहून देऊ नकोस. मी पेट्राकडे जाते आहे.

नेरीडा


२ जून

लिनेट,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबर केलंस. मीही अपेक्षा धरली नव्हती, फक्त पोस्टमनच्या वेळेला फाटकापाशी काहीतरी काम काढत होते. पट्टे अजून विकले नाहीस एवढं मर्व्हकडून कळलं. मग हे पत्र वेळेत पोचेल.

पेट्राच्या केसांत आता पांढरं दिसतं. मी सगळं सांगितलं. तिने टेबलावरची पिन दोनदा फिरवली. मग म्हणाली, “लिनेटला शेड द्यायची असेल तर देऊन टाका. भेट म्हणून. तुमच्या नावावर आहे, तुमची मर्जी. टास्मानियाचं कुणी विचारणार नाही.”

मी म्हटलं, “मला विचारलं होतं. तुम्हीच विचारलं होतं.”

ती म्हणाली, “मग निदान लिहून काही देऊ नका. तुम्ही लिहून दिलंत तर ते पत्र घेऊन ती कोर्टात जाऊ शकते. करार रद्द झाला तर घरही हातचं जाईल.”

“सहा मे रोजीच टाकलंय पोस्टात,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. “मिसेस पेनरोझ,” ती म्हणाली, “तुम्ही त्या वेळी एवढं बोलला असतात तर.” मी पर्स उचलली.

शेडच्या प्लॉटचे कागद तिने केलेत. ते यासोबत आहेत, माझी सही झाली आहे. पैसे नकोत. भेट म्हणूनही घेऊ नकोस, ते तुझंच होतं. दुसरा कागद प्रतिज्ञापत्र आहे. त्यात टास्मानियाचं घर, भाडं, खातं आणि मी कुणाला काय खोटं सांगितलं ते तारखांसकट आहे. त्याच्यावर सही करायची तर शिक्का मारणारा सरकारमान्य साक्षीदार, म्हणजे जे.पी., लागतो, आणि आपल्या गावचा जे.पी. कोण ते तुला माहीत आहे. मी आधी शंभर किलोमीटर लांबच्या गावाला निघाले होते. पुलापर्यंत गेले. मग गाडी वळवली.

मर्व्ह ओट्यावर ट्रे दुरुस्त करत होता. बिस्किटाच्या डब्यातून शिक्का काढला आणि म्हणाला, “कुठे सही? मला फक्त ती तूच करतेस एवढं बघायचं असतं. आत काय आहे ते मी वाचत नाही.”

“वाच.”

“अगं, तसा नियम नाही.”

“मर्व्ह, वाच म्हणते ना.”

त्याने चष्मा लावला. ओठ हलवत वाचतो तो. दुसऱ्या पानावर थांबला. “अल्मा नाही?”

“नाही.”

“मी गोण्या भिजवून द्यायचो तिच्यासाठी. एकदा लिंबंही घातली होती.” मग माझ्याकडे न बघता, “मग कालवं कुणी खाल्ली?”

“मी.”

“तीन डझन?”

“चार दिवसांत.”

एरवी मर्व्ह यावर महिनाभर गाव हसवत राहिला असता. तो हसला नाही. शेवटपर्यंत वाचून त्याने कागद गुडघ्यावर ठेवले. “त्या दिवशी तू माझी गाडी नेलीस,” तो म्हणाला. “टाकी भरून आणलीस. मी माझ्या बायकोला म्हटलं, क्लेमला बाई सरळ मिळाली.”

मी मान खाली घालून उभी राहिले. बस म्हणाला नाही, मीही बसले नाही.

सही केली. त्याने शिक्का मारला, तारीख घातली, शाई सुकेपर्यंत फुंकर घातली. मी पायऱ्या उतरल्यावर मागून म्हणाला, “घर त्याने तुला तरीही दिलं असतं, नेरीडा. शेड नसती दिली.”

मलाही तसंच वाटतं. पण मला किंवा मर्व्हला काय वाटतं त्याला अर्थ नाही, म्हणून घराचं तू ठरव. वकिलाला दाखवायला सहा मेचं पत्र आणि हे प्रतिज्ञापत्र तुला पुरे आहे. तू दावा केलास तर मी विरोधात उभी राहणार नाही, पेट्राला तसं सांगून ठेवलंय. मी रस्त्यावर येणार नाही. आईच्या घरातले भाडेकरू या खेपेला सप्टेंबरमध्ये जातात. माझी काळजी वाटून काही सोडू नकोस. मागच्या वेळी तू माझ्यावर दया करून सोडलंस, आणि ती दया मी गिळून आभार मानले. तेच मला पुन्हा करायला लावू नकोस.

शेडमध्ये माझं काही उरलेलं नाही. क्लेमचे हातमोजे खुंटीला तसेच आहेत, ते मला हलवता आले नाहीत. मर्व्ह म्हणतो, तू आलीस तर पहिल्या आठवड्यात तो आणि त्याची होडी तुझ्या मदतीला. त्याने मला हे धक्क्यावर सांगितलं, नजर पाण्याकडे ठेवून. अजून तो माझ्याशी तेवढंच बोलतो. पावसाची बंदी उठलीय, पाणी निवळलंय. तुझ्या खालच्या पट्ट्यातली कालवं विक्रीच्या मापाची झालीत असं तो सांगतो. ती उचलायला माणूस हवा.

कालवं उचलायला सोयीची मोठी ओहोटी चोवीस जूनच्या आसपास आहे. शेडची किल्ली मर्व्हकडे ठेवली आहे.

तू येशील त्या दिवशी मी घरात असावं की नसावं, तेवढं फक्त कळव.

नेरीडा पेनरोझ